पाठमोरा गायक: जिम मॉरिसन आणि 'द डोअर्स'चा पहिला अल्बम

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि मागे वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी जसं बोललो तसंच.)

आजची गोष्ट एका पाठीपासून सुरू होते.

१९६६ सालची सुरुवात. लॉस एंजेलिसमध्ये सनसेट स्ट्रिप नावाचा रस्ता आहे, एकाला लागून एक क्लब असलेला. त्यातला एक अगदी साधा, अंधारा, अरुंद बार म्हणजे 'लंडन फॉग'. नावात लंडन, गर्दीच्या नावानं बोंब. तिथं एक नवीन बँड रोज रात्री वाजवतोय. ऑर्गनवाला चांगला आहे, ड्रमर चांगला आहे, गिटारवाला तर फारच वेगळा वाजवतोय. आणि गायक? गायक लोकांकडे पाठ करून उभा आहे. माइक हातात, तोंड ड्रमरकडे. गाणं संपतं, दोन-चार टाळ्या पडतात, तरी साहेब वळत नाहीत.

हा पाठमोरा मुलगा म्हणजे जिम मॉरिसन. टी-शर्टवर असतो ना, केस विस्कटलेला, उघड्या अंगाचा, दोन्ही हात पसरून कॅमेऱ्यात रोखून बघणारा, तोच. तो फोटो १९६७ चा. म्हणजे लंडन फॉगमधली ती पाठ आणि तो फोटो यांच्यामध्ये जेमतेम एक वर्ष आहे. आज आपण त्या एका वर्षाबद्दल बोलणार आहोत, आणि त्या वर्षात तयार झालेल्या पहिल्या अल्बमबद्दल.

एक कबुली आधीच देतो. मला या गोष्टीत रस का, तर थर्ड इयरला असताना आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी एका बँडमध्ये गायलो होतो. त्याचा व्हिडिओ अजून एका मित्राच्या फोनमध्ये आहे. पूर्ण साडेचार मिनिटं त्यात माझ्या शर्टाची मागची बाजू दिसते. मागून कोणीतरी "अरे इकडं बघ की" असं ओरडतंय, तेही रेकॉर्ड झालंय. त्यामुळे लंडन फॉगबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो नाही.

तर, हा मुलगा कोण?

जन्म ८ डिसेंबर १९४३, फ्लोरिडातल्या मेलबर्न गावी. वडील जॉर्ज स्टीफन मॉरिसन, अमेरिकन नौदलात अधिकारी. दर एक-दोन वर्षांनी बदली, नवीन गाव, नवीन शाळा. आपल्याकडे बँकेतल्या किंवा लष्करातल्या लोकांच्या मुलांना हे बरोबर कळेल. जानेवारी १९६४ चा एक फोटो आहे: 'बॉन होम रिचर्ड' या विमानवाहू जहाजावर वडिलांबरोबर जिम उभा आहे. केस व्यवस्थित कापलेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हिएतनामजवळ टॉंकिनच्या आखातात जी चकमक झाली, जिच्या आधारावर अमेरिका त्या युद्धात पूर्ण उतरली, तेव्हा तिथल्या अमेरिकन ताफ्याची सूत्रं याच वडिलांकडे होती. पुढे ते ॲडमिरल झाले. हे लक्षात ठेवा, आपण परत तिकडे येणार आहोत.

जिमनं काय केलं? यूसीएलएमध्ये सिनेमाचं शिक्षण घेतलं. १९६५ मध्ये पदवी मिळाली. गाणं शिकला नव्हता. कोणतंही वाद्य वाजवता येत नव्हतं, नोटेशन वाचता येत नव्हतं. पुस्तकं मात्र प्रचंड वाचायचा आणि वहीत कविता लिहायचा. त्या उन्हाळ्यात तो व्हेनिस बीचजवळ एका बिल्डिंगच्या गच्चीवर राहत होता, जेमतेम खाऊन. तिथं त्याला काही ओळी सुचायला लागल्या, आणि त्या चालीसकट सुचत होत्या.

मग ती प्रसिद्ध भेट. रे मॅन्झारेक हा त्याच कॉलेजचा, वयानं जवळपास पाच वर्षांनी मोठा, पियानो उत्तम वाजवणारा. तो समुद्रावर बसला होता, समोरून जिम आला. काय करतोयस हल्ली? गाणी लिहितोय. मग म्हणून दाखव की. जिम लाजला. माझा आवाज काही चांगला नाही म्हणाला. रेनं आग्रह केला तेव्हा तो वाळूत बसला, डोळे मिटले आणि 'मूनलाइट ड्राइव्ह' नावाचं गाणं म्हणून दाखवलं. रेनं हा किस्सा आयुष्यभर इतक्या वेळा आणि इतक्या रंगवून सांगितलाय की त्यातलं नक्की किती तसंच घडलं हे आता समुद्रालाच माहीत. पण लाजण्याची गोष्ट बाकीचेही सांगतात. ड्रमर जॉन डेन्समोरनं पुढे आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यातही पहिल्या तालमींमधला जिम असाच आहे, गॅरेजच्या कोपऱ्यात उभा, कोणाच्याही डोळ्याला डोळा न देणारा.

बँडचं नाव जिमच्या वाचनातून आलं. ऑल्डस हक्स्लीचं 'द डोअर्स ऑफ परसेप्शन' हे पुस्तक, आणि हक्स्लीनं ते शब्द घेतले विल्यम ब्लेकच्या कवितेतून. नाव झालं 'द डोअर्स'.

आता थोडं थांबून एक कनेक्शन सांगतो, कारण ते आपल्या घराजवळचं आहे. हे चौघे एकत्र आले कसे? महर्षी महेश योगींच्या ध्यानवर्गातून! बीटल्स ऋषिकेशला गेले १९६८ मध्ये, ते सगळ्यांना माहिती असतं. पण त्याच्या तीन वर्षं आधी लॉस एंजेलिसमध्ये ट्रान्सेंडेंटल मेडिटेशनच्या वर्गात रे मॅन्झारेकला जॉन डेन्समोर भेटला, आणि त्याच वर्तुळातून नंतर गिटारवाला रॉबी क्रीगर आला. त्यांचा पहिला डेमो रेकॉर्ड झाला सप्टेंबर १९६५ मध्ये, वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओत. वर्ल्ड पॅसिफिक म्हणजे अमेरिकेत पंडित रविशंकरांच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी. म्हणजे पुढे 'द एंड'मध्ये रॉबीची गिटार सतारीसारखी का घुमते, त्याची पाळंमुळं इथं आहेत. रॉबीनं त्या गाण्यासाठी गिटारच्या तारा वेगळ्या लावल्या, मागे एक स्वर सतत धरून ठेवला, तानपुऱ्यासारखा. आपल्या कानाला ते गाणं परकं वाटत नाही ते त्यामुळेच, असं माझं मत.

डेमोकडे येऊ. सहा गाणी, काही तासांत उरकलेली. तेव्हा रॉबी अजून आलेला नव्हता, रेचे दोन भाऊ होते. तो डेमो १९९७ मध्ये अधिकृतपणे बाहेर आला, तुम्हाला ऐकता येईल. जरूर ऐका. कारण त्यात जो गातोय तो जिम मॉरिसन वाटतच नाही. आवाज पातळ आहे. सूर धरून चालतोय, पण रस्ता ओलांडताना मोठ्या माणसाचं बोट धरावं तसा. ही रेकॉर्ड घेऊन ही मंडळी एकेका कंपनीच्या दारात गेली. सगळीकडून नकार. रेच्या भावांनी हे काही जमणार नाही म्हणून नाद सोडला. मग कोलंबिया या मोठ्या कंपनीनं सहा महिन्यांचा करार केला खरा, पण कोणी निर्मातेच मिळेनात. काही दिवसांनी यांना कळलं की आपलं नाव काढून टाकायच्या यादीत आहे. स्वतःहूनच बाहेर पडले.

आणि घरी? ग्रॅज्युएट झाल्यावर जिमनं वडिलांना कळवलं की मी बँड काढतोय. वडिलांचं उत्तर कडक आलं. सिनेमाच्या शिक्षणावर इतका खर्च केला आणि आता गाणं? त्या पत्रानंतर बाप-लेकात बोलणं राहिलं नाही. पुढे रेकॉर्ड कंपनीनं माहितीपत्रकासाठी विचारलं तेव्हा जिमनं सांगून टाकलं की माझे आई-वडील वारले आहेत. दोघंही हयात होते. लोक म्हणतात बंडखोरी. असेलही. मला मात्र कायम वाटतं की ज्याला घरातून 'तुझ्यात गाणं नाही' असं सांगितलं गेलंय आणि ज्याला स्वतःलाही आतून तीच भीती आहे, तो माणूस दुसरं काय करणार? ज्याच्यासमोर परीक्षा द्यायची तो परीक्षकच त्यानं खोडून टाकला.

तर अशा अवस्थेत हे लोक लंडन फॉगमध्ये पोचले. फेब्रुवारी १९६६ च्या आसपास. रोज रात्री चार-चार सेट, रात्री दोनपर्यंत. आपली गाणी तेवढी नाहीत, म्हणून अर्धी रात्र जुने ब्लूज. पाठ करून उभं राहण्याचं बँडवाल्यांनी दिलेलं एक कारण मला फार पटतं. तालमीत ते चौघे गोल करून, एकमेकांकडे तोंड करून वाजवायचे. जिमला तीच सवय होती. स्टेजवरही तो गोल मोडायला तयार नव्हता. बाकी तिघं दिसत राहिले की त्याला गाता यायचं.

इथं मला त्या तिघांचं कौतुक वाटतं. कुठल्याही बँडनं अशा वेळी काय केलं असतं? गायक बदलला असता. मुलगा देखणा आहे, लिहितो छान, पण लोकांकडे बघतच नाही, वाद्य येत नाही, आवाज कच्चा. यांनी तसं केलं नाही. त्यांनी त्याला 'वळ रे, वळ रे' म्हणत जमेल तसं सांगितलं आणि मध्ये वेळ भरून काढायला लांबच लांब सोलो वाजवले. आणखी एक गोष्ट. पहिल्या अल्बमवर त्यांच्या स्वतःच्या प्रत्येक गाण्याचा गीत-संगीतकार म्हणून एकच नाव आहे: द डोअर्स. कोणी काय लिहिलं ते वेगळं लिहिलेलंच नाही आणि पैसे चौघांत समान. डेन्समोर सांगतो की ही कल्पना जिमची होती. ज्याला एक कॉर्ड वाजवता येत नाही, त्यानं चाल गुणगुणायची आणि बाकीच्यांनी तिचं गाणं करायचं, अशी पद्धत असेल तर हा हिशोब प्रामाणिकच म्हणायचा. आमच्या क्षेत्रात कोडच्या प्रत्येक ओळीवर कोणाचं नाव आहे ते एका कमांडमध्ये कळतं, आणि त्यावरून होणारी भांडणं मी पाहिली आहेत. असो.

लंडन फॉगमधलं मे १९६६ चं एक रेकॉर्डिंग वाचलंय. यूसीएलएच्याच एका विद्यार्थिनीनं केलेलं. ते पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. सात गाणी आहेत. हेडफोन लावून ऐकलंत तर त्या बारमधली रिकामी जागा ऐकू येते. आणि त्या रिकाम्या जागेत तो आवाज हळूहळू खाली उतरतोय, छातीतून यायला लागलाय. डेमो आणि हे रेकॉर्डिंग यांत आठ महिन्यांचं अंतर आहे. इतिहासात असे पुरावे क्वचित मिळतात. एरवी आपल्याला फक्त 'आधी' आणि 'नंतर' मिळतं. इथं मधलाही टप्पा टेपवर आहे.

लंडन फॉगनं त्यांना मे महिन्यात काढलं. नशीब बघा, त्याच सुमारास जवळच्याच 'व्हिस्की अ गो गो' या बड्या क्लबमध्ये त्यांना घरचा बँड म्हणून जागा मिळाली. म्हणजे मोठे पाहुणे बँड येणार आणि त्यांच्याआधी रोज हे वाजवणार. जूनमध्ये आयर्लंडचा 'देम' हा बँड आला, त्यांचा गायक व्हॅन मॉरिसन. शेवटच्या रात्री दोन्ही बँड एकत्र, स्टेजवर दोन मॉरिसन. व्हॅन मॉरिसन स्टेजवर अंगात आल्यासारखा गायचा. जिम ते रोज रात्री जवळून बघत होता. मला वाटतं, वळायचं कसं हे त्यानं तिथं शिकलं.

त्याच उन्हाळ्यात इलेक्ट्रा कंपनीचा मालक जॅक होल्झमन त्यांना ऐकायला आला. 'लव्ह' बँडच्या आर्थर लीनं त्याला गळ घातली होती. पहिल्या रात्री त्याला काही विशेष वाटलं नाही. तो परत आला. परत आला. चौथ्या रात्री त्यांनी ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं जुनं जर्मन नाटकातलं 'अलाबामा साँग' वाजवलं, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आज पहिल्या दहा सेकंदांत आवडलं नाही तर आपण स्वाइप करतो. हा माणूस चार रात्री बसला.

ऑगस्टमध्ये करार झाला. आणि लगेच, २१ ऑगस्टला, व्हिस्कीनं त्यांना हाकललं! झालं असं की 'द एंड' हे मुळात एक छोटं, निरोपाचं गाणं होतं. रोज रात्री वेळ भरायचा म्हणून ते लांबत गेलं आणि जिम त्यात मनाला येईल ते बोलायला लागला. त्या रात्री नशेत त्यानं मधल्या भागात ग्रीक नाटकातल्या ईडिपसची गोष्ट आणली, बापाला मारणं आणि आईबद्दलची ती वासना, अगदी उघड शब्दांत. क्लबच्या मॅनेजरनं त्याच रात्री सामान उचलायला सांगितलं.

आता स्टुडिओ. सनसेट साउंड, हॉलिवूड. ऑगस्टअखेर काम सुरू झालं. निर्माता पॉल रॉथचाइल्ड, गांजाच्या प्रकरणात तुरुंगवास भोगून नुकताच बाहेर आलेला. साउंड इंजिनिअर ब्रूस बॉटनिक, विशीतला पोरगा. मशीन चार ट्रॅकचं. तुमच्या फोनमधल्या फुकटच्या ॲपमध्येही याहून जास्त ट्रॅक असतात. बॉटनिकनं सांगितलंय की ड्रम आणि बास एका ट्रॅकवर, गिटार आणि ऑर्गन दुसऱ्यावर, जिम तिसऱ्यावर, आणि चौथा नंतर काही भरायचं असेल तर. म्हणजे चुका झाकायला जागाच नाही. बरं, या बँडकडे बासवादक नव्हता. रे डाव्या हातानं छोट्या कीबोर्डवर बास वाजवायचा आणि उजव्यानं ऑर्गन. स्टेजवर ते चालून जायचं, रेकॉर्डवर तो बास बोथट वाटायचा, म्हणून काही गाण्यांत लॅरी नेक्टेल या स्टुडिओतल्या वादकाकडून वरून बास वाजवून घेतला. त्याचं नाव मूळ कव्हरवर नाही.

जिमसाठी स्टुडिओ ही नवीन भीती होती. समोर कोणीच नाही. पाठ कोणाकडे करणार? बॉटनिकनं त्याच्यासाठी यू-४७ हा माइक लावला, फ्रँक सिनात्रा वापरायचा तो. जिमला सिनात्रा आवडायचा, रेकॉर्डच्या कव्हरवर तो माइक त्यानं पाहिलेला. तो खूश झाला. किती साधी गोष्ट! पण तो अल्बम ऐकताना लक्ष द्या: आरडाओरडा आहे त्यापेक्षा जास्त वेळ तो माइकला चिकटून, हळू, गुळगुळीत गातो. रॉक गायकापेक्षा जुन्या सिनेमातल्या गायकासारखा. 'द क्रिस्टल शिप' ऐका. ही त्याची खरी जागा होती, आणि ती सापडायला तो बंद खोलीतला माइक लागला.

पहिल्यांदा रेकॉर्ड केलेल्या गाण्यांत समुद्रावरचं ते 'मूनलाइट ड्राइव्ह' होतं. पण ते मनासारखं जमलं नाही आणि अल्बममधून वगळलं गेलं, पुढच्या अल्बमवर नव्यानं आलं. ज्या गाण्यातून बँड जन्माला आला तेच पहिल्या अल्बमवर नाही, आणि कोणी त्यावर अडून बसलं नाही, हे मला आवडतं.

'द एंड'ची कथा पुष्कळांना माहिती असेल. पहिल्या दिवशी जिम इतका नशेत होता की काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी दिवे मंद केले, जिमच्या बाजूला एक मेणबत्ती ठेवली. दोनदा वाजवलं. तुम्ही ऐकता ते जवळपास पावणेबारा मिनिटांचं गाणं या दोन टेकचे तुकडे टेप कापून जोडलेलं आहे. रॉथचाइल्डनं नंतर सांगितलं की रेकॉर्डिंग चालू असताना आपण निर्माता आहोत हेच तो विसरला, श्रोता होऊन बसला. आणि त्याच रात्री, सगळे घरी गेल्यावर, जिम गेटवरून चढून परत स्टुडिओत शिरला आणि आग विझवायच्या नळकांड्यानं सगळी खोली फवारून टाकली. बिल कंपनीनं भरलं.

हा किस्सा 'काय वेडा जीनियस होता' अशा सुरात सांगितला जातो. मला तो सूर खटकतो. वर्षभर ज्यानं मान वर केली नाही, त्यानं आज मनातलं सगळ्यात भयंकर ते टेपवर ठेवलं. आता ते परत घेता येणार नाही. मला त्या फवाऱ्यात घाबरलेला माणूस दिसतो. हा माझा अंदाज आहे, पटला नाही तर सोडून द्या.

काम सप्टेंबरपर्यंत संपलं आणि मग वाट बघणं सुरू झालं. होल्झमनचं म्हणणं, वर्षअखेरच्या गर्दीत नवीन बँड हरवून जाईल, जानेवारीत काढू आणि त्या महिन्यात दुसरं काही काढणार नाही. बँड कुरकुरला. पण ऐकलं. कव्हरवर जिमचा चेहरा भला मोठा, बाकी तिघं त्याच्या मागे छोटे. सनसेट स्ट्रिपवर या अल्बमचं भव्य होर्डिंग लागलं, रॉक बँडचं असं होर्डिंग तिथं पहिलंच. म्हणजे ज्या रस्त्यावर पाठ करून उभा राहायचा त्याच रस्त्यावर आता ते तोंड येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होतं.

४ जानेवारी १९६७. अल्बम बाहेर. पहिलं सिंगल 'ब्रेक ऑन थ्रू'. त्यातला नशेचा अर्थ निघणारा एक शब्द कंपनीनं रेडिओच्या भीतीनं कापला होता, तरी गाणं चाललं नाही, पहिल्या शंभरातही गेलं नाही. आठवडे गेले. वसंत आला. मग रेडिओवाले सांगायला लागले की लोक 'लाइट माय फायर' मागतायत, पण ते सात मिनिटांचं आहे, लावायचं कसं? हे गाणं मुख्यतः रॉबीचं. त्यानं लिहिलेल्या अगदी पहिल्या गाण्यांपैकी एक! रॉथचाइल्डनं मधले सोलो कापून तीन मिनिटांच्या आत बसवलं. जुलै १९६७ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं आणि तीन आठवडे तिथं राहिलं. अल्बम दुसऱ्या नंबरपर्यंत पोचला. पहिल्यावर बीटल्सचा 'सार्जंट पेपर' होता, तिथं कोणाचंच काही चालणार नव्हतं.

आमच्यासारख्यांसाठी एक गंमत: अल्बमवरचं 'लाइट माय फायर' टेप थोडी हळू चालल्यामुळे मूळ सुरापेक्षा खाली छापलं गेलं होतं. सिंगल बरोबर वेगाचं, अल्बम चुकीचा. हा बग सुमारे चाळीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये होता. २००७ च्या आसपासच्या नव्या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. ज्यांनी गिटार घेऊन अल्बमबरोबर वाजवायचा प्रयत्न केला आणि सूर जुळेना म्हणून स्वतःला दोष दिला, त्या सगळ्यांची माफी कोणीतरी मागायला हवी होती.

सप्टेंबरमध्ये एड सलिव्हनच्या टीव्ही शोवर त्यांनी हेच गाणं गायलं. एक शब्द बदला असं सांगितलं होतं, जिमनं बदलला नाही, पुन्हा बोलावणं आलं नाही. ती क्लिप बघितलीत तर शब्द राहू द्या, डोळे बघा. सरळ कॅमेऱ्यात.

मग भीती गेली का? इथं मी गोड बोलणार नाही. दारू त्या आधीच सुरू झाली होती, नंतर ती वाढतच गेली. जे काम लंडन फॉगमध्ये तीन मित्रांचा गोल करत होता ते हळूहळू बाटलीकडे गेलं. सभागृहं मोठी झाली, गोल मोडला. १९६९ मध्ये मायामीत स्टेजवर जे झालं त्यावरून खटला चालला. ३ जुलै १९७१ रोजी पॅरिसमध्ये तो गेला. वय २७. मी ही स्क्रिप्ट लिहिताना माझं वय मोजलं आणि थोडा वेळ लॅपटॉप बंद केला.

वडिलांकडे परत येऊ असं म्हणालो होतो. जिमच्या चरित्रात एक प्रसंग येतो. धाकट्या भावानं हा अल्बम घरी आणून लावला. वडील वर्तमानपत्र वाचत बसले होते. 'द एंड'मधला तो भाग आला तेव्हा हातातला पेपर थरथरायला लागला. बोलले काहीच नाहीत. नंतर, १९७० मध्ये, मायामीच्या खटल्यानंतर, ॲडमिरल मॉरिसननी फ्लोरिडाच्या अधिकाऱ्यांना मुलाच्या बाजूनं एक पत्र लिहिलं. त्यात स्वतःहून कबूल केलं की मी त्याला गाण्याचा विचार सोडून दे असं सांगितलं होतं, कारण मला त्याच्यात तो गुण अजिबात दिसला नव्हता, आणि त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही हे मी समजू शकतो. १९७९ मध्ये फ्रान्सिस फोर्ड कोपोलानं, तोही यूसीएलएचाच, व्हिएतनाम युद्धावरचा 'अपोकॅलिप्स नाऊ' काढला आणि सिनेमा सुरूच केला 'द एंड'नं. बापाच्या युद्धावर लेकाचं गाणं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत जिमच्या थडग्यावर नवीन फरशी बसली, ती वडिलांनी बसवली. तिच्यावर ग्रीकमध्ये चार शब्द आहेत. अर्थ साधारण असा: आपल्या आतल्या दैवताला अनुसरून. ॲडमिरल २००८ मध्ये गेले.

आता ऐकायचं काय, त्याचा क्रम सांगतो. 'एंड ऑफ द नाइट' नावाचं एक गाणं आहे. ते सप्टेंबर १९६५ च्या डेमोवर आहे आणि पहिल्या अल्बमवरही आहे. आधी डेमो लावा. मग लंडन फॉगचं कुठलंही एक ब्लूज. मग अल्बमवरचं 'एंड ऑफ द नाइट'. हेडफोन लावून, शक्यतो रात्री. सगळे मिळून दहा-बारा मिनिटं लागतील. पहिल्या आणि तिसऱ्यातला गाणारा एकच आहे, मध्ये एक वर्ष आहे.

ऐकून झालं की मेसेज करा. आणि माझा गॅदरिंगचा व्हिडिओ कोणी मागू नका, तो मिळणार नाही. भेटू पुढच्या एपिसोडला.